ओतिलिया मावशीने आवरलेला कोळसा

कोळसा विरघळतो, हे मी ओतिलिया मावशीला अकरा वर्षं सांगत होते. अकरा वर्षं तिने ते शांतपणे ऐकून घेतलं, "बरं हो, इंजिनीअरबाई" म्हटलं, आणि माझ्या हातातला काळाकुट्ट फ्लास्क काढून घेऊन धुवायला नेला. तिच्या मते कोळसा दोनच गोष्टी करतो. एक तर जळतो, नाहीतर नवऱ्याच्या छातीत जाऊन बसतो. विरघळते ती साखर.

ओतिलिया गायदा आमच्या केंद्रात काचेची भांडी धुवायची. केंद्र कातोवित्से शहराच्या दक्षिणेला, खाणवाल्यांच्या विटांच्या चाळींना लागून होतं, आणि आमचं काम एकच: कोळशाचं तेल करायचं. ऐकायला जादू वाटते, पण आहे ती हमाली. कोळशाची पूड करायची, डांबरापासून काढलेल्या तेलात ती कालवायची, आणि जाड पोलादी भांड्यात हायड्रोजनच्या प्रचंड दाबाखाली सव्वाचारशे-साडेचारशे अंशांवर तापवायची. उष्णतेने कोळशाचे अवाढव्य रेणू तुटतात. तुटलेल्या टोकांना वेळेवर हायड्रोजन मिळाला तर त्यांचं तेल होतं. नाही मिळाला तर ती टोकं पुन्हा एकमेकांना चिकटतात आणि आधीच्यापेक्षा वाईट दगड तयार होतो. जे विरघळत नाही ते गाळणीवर चिखलासारखं उरतं. तो चिखल शेवटी मावशीकडे जायचा.

साबणसुद्धा शिधापत्रिकेवर मिळायचा ते दिवस. मावशीने साबणाचा नाद केव्हाच सोडला होता. आमच्याच भांड्यातून निघालेलं हलकं तेल ती चिंधीवर घ्यायची आणि त्याने डांबर पुसायची. "काट्याने काटा निघतो," म्हणायची, "हे शिकायला पुस्तकं कशाला लागतात तुम्हाला?" सगळं केंद्र तिला मावशी म्हणे, अगदी साहेबसुद्धा. ती मात्र सगळ्यांना हुद्द्याने हाक मारी. तेवढं अंतर तिला हवं असायचं.

आणि माझ्याशी तर हवंच. मी किएल्त्सेची. शिलेशियात, म्हणजे या खाणींच्या मुलखात, बाहेरून आलेल्याला गोरोल म्हणतात. तो शब्द कधी लाडाने उच्चारतात, कधी दातओठ खाऊन. मी बरीच वर्षं दुसऱ्या प्रकाराने ऐकला, आणि माझा स्वभाव पाहता त्यांचं फारसं चुकलं असं आता वाटत नाही. मी हुशार होते, घाईत होते, आणि माझी चूक मला शेवटी दिसायची.

आता इथली एक रीत सांगायला हवी. खाणकामगाराला वर्षाला काही टन कोळसा घरपोच मिळतो. ट्रक येतो, दारापुढे ढीग ओततो आणि निघून जातो. तो ढीग अंधार पडायच्या आत तळघरात गेला पाहिजे, आणि मागचा रस्ता झाडून धुऊन लख्ख झाला पाहिजे. ढीग तसाच पडून राहिला तर त्या घरात कोणी मेलंय किंवा पिऊन पडलंय, असं लोक धरून चालतात. म्हणून येणारा-जाणारा कोणीही फावडं उचलतो. कोळसा कोणाचा, हे विचारायची पद्धत नाही. उचलायचा, टाकायचा, हात झटकायचे, घरी जायचं.

त्र्याऐंशी सालच्या मे महिन्यात, एका शुक्रवारी दुपारी, आमच्या अंगणात कोळशाचे दोन ढीग पडले. एक एका खाणीचा, एक दुसऱ्या खाणीचा, प्रत्येकी एक टन. एका खाणीचा कोळसा दुसऱ्यापेक्षा किती चांगला विरघळतो हे पाहायची मोठी चाचणी पुढच्या सोमवारी, म्हणजे दहा दिवसांनी ठरली होती. माझी डॉक्टरेट तिच्यावर उभी होती. त्यातल्या एका खाणीत हा कोळसा ज्या थरातून काढला तो थर महिन्यापूर्वीच बंद करून पाण्याने भरला होता. तिथला हा शेवटचा टन.

नियम असा की नमुना झाकायचा आणि त्याच्यावर नावाची पाटी रोवायची. पाट्या मी स्वतः रंगवून कपाटात ठेवल्या होत्या. पण ट्रक उशिरा आला, आईचा नामदिन होता, जो आमच्याकडे वाढदिवसासारखा करतात, आणि माझी गाडी होती दोन चाळीसची. दोन ढिगांमध्ये वीस पावलांचं अंतर आहे, सोमवारी बघू, असं म्हणून मी स्टेशनकडे पळाले.

सोमवारी सकाळी मावशी फाटकात माझी वाट बघत उभी होती. तिने नवा ॲप्रन घातला होता. अंगण असं स्वच्छ होतं की फरशीवर जेवायला बसावं.

"बघा, इंजिनीअरबाई. शुक्रवारी सगळे घरी पळाले आणि कोळसा आपला उघड्यावर. म्हटलं, रविवारी लोक चर्चला जाताना बघतील, काय म्हणतील आपल्या केंद्राला? चौकीदाराने तळघराची झडप उघडून दिली, बाकी सगळं एकटीने केलं हो. आता कंबर धरलीय, पण ते जाऊ दे."

सत्तावन्न वर्षांच्या बाईने दोन टन कोळसा फावड्याने तळघरात लोटला होता. एकाच झडपेतून. एकाच ढिगात.

मी जे बोलले ते इथे लिहिण्याच्या लायकीचं नाही. 'अक्कल' हा शब्द तीनदा आला. मी थांबले तेव्हा मावशीने ॲप्रन सोडला, घडी घातली, आणि आत जाऊन शुक्रवारची भांडी धुवायला लागली.

केंद्रप्रमुख बोर्केविच साहेबांनी मला बोलावलं. साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्या काळात वरून सगळ्यांच्याच मानेवर हात होता आणि प्रत्येकाला आपली मान सोडवायची होती.

"शुक्रवारपर्यंत मला कागद पाहिजे," ते म्हणाले. "कोणी केलं, कसं केलं, नाव आणि सही. सरकारी नमुना आहे तो, गल्लीतलं सरपण नाही."

"साहेब, तिला पेन्शनला चौदा महिने राहिलेत."

"मग कोळसा उचलायला तिने चौदा महिने थांबायचं होतं."

सरकारी मालाचं नुकसान, असा शेरा मारून काढलेल्या माणसाला तेव्हा कोणी दारात उभं करत नसे. चौदा महिने कमी पडले तर तिची इतक्या वर्षांची नोकरी पाण्यात जाणार होती, आणि घरात नवरा एमिल, खाणीच्या धुळीने छाती भरलेला, जिना चढताना प्रत्येक पायरीवर थांबणारा. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी त्याच संध्याकाळी मी अहवाल लिहिला. सहा ओळी. 'धुलाई कर्मचारी ओतिलिया गायदा हिने कोणालाही न विचारता' अशी सुरुवात. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. पाट्यांचा उल्लेख तेवढा नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर निकाल लिहायला चोरच बसला होता. सही केली, कागद फायलीत घातला, फाइल टेबलावर ठेवली. मुदत शुक्रवारची आहे, शुक्रवारीच देऊ, असं म्हणून मी स्वतःला चार दिवसांची भलाई बहाल केली.

मंगळवारी दहाच्या सुमारास मावशी दारात आली. "तळघरात येता का जरा?"

खाली दिव्याखाली तिने दोन ढेकळं मांडून ठेवली होती. "हा ह्या खाणीचा, हा त्या खाणीचा."

"मावशी, प्रत्येक थरात थोडा कोळसा चकाकतो, थोडा मंद असतो. नुसतं बघून नाही कळत."

"चकाकी कोण बघतंय? चकाकी काय, लग्नात नवरीपण दाखवते." तिने छोट्या हातोडीने एक ढेकूळ फोडलं. "ही फट बघा. पांढरी पापडी दिसते? चुन्यासारखी? हा थर सगळा असाच. आता हा दुसरा. फोडायला जड जातो, आवाज टणक येतो, आणि फटीत पिवळं चमकतं. खोटं सोनं. ह्याच्यात ते पांढरं कधी नाही सापडायचं. इथे यायच्या आधी एकोणीस वर्षं मी पट्ट्यावर उभी होते, बाई. दोन्ही खाणींचा माल आमच्यासमोरून जायचा."

खाणीतून वर आलेला कोळसा सरकत्या पट्ट्यावरून जातो, आणि बायका त्यातला दगड हाताने वेचतात. आठ तास, धुळीत, बारा महिने. मावशीने ते काम केलं होतं हे मला माहीतच नव्हतं. अकरा वर्षांत मी विचारलंच नव्हतं.

मला ते पटलं नाही, पण हातच्या काकणाला आरसा कशाला? मी तिला वीस ढेकळं वेगळी करायला सांगितली, प्रत्येकाला आकडा टाकला, आणि वर नेऊन एकेकाची पूड केली. बोटभर पोलादी नळ्यांमध्ये पूड आणि हायड्रोजन देणारं तेल भरलं, नळ्या तापलेल्या वाळूत ठेवल्या, मग गार करून गाळलं आणि गाळणीवर काय उरलं ते तोललं. संध्याकाळी सातपर्यंत आकडे आले. तिच्या पांढऱ्या फटीवाल्या दहाही ढेकळांत शंभरातले ऐंशी ते त्र्याऐंशी भाग विरघळले होते. पिवळ्या फटीवाल्या दहांत चौपन्न ते सत्तावन्न. मधला आकडा एकही नाही. मी तराजू दोनदा तपासला. तराजू बिचारा ठीक होता.

खाली धावत गेले. मावशी कोट घालत होती.

"विसाच्या वीस बरोबर, मावशी."

"मग? चुकायला काय झालं?"

"पण दोन टन आहेत. तुम्ही एकट्या कधी करणार?"

"एकटी कशाला करू? बायका आहेत की."

बुधवारी सकाळी सहा वाजता फाटकापाशी डोक्याला रुमाल बांधलेल्या पाच म्हाताऱ्या उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हातात तिचं स्वतःचं स्टूल. सगळ्या जुन्या पट्ट्यावरच्या. त्यांना पगार नव्हता, कागद नव्हता, आत यायची परवानगीही नव्हती. चौकीदाराने त्यांच्याकडे पाहिलं, त्यातली एक त्याची सासू निघाली, आणि परवानगीचा प्रश्न तिथेच मिटला. कोळसा बादल्यांनी वर काढला, अंगणात पोती अंथरली, आणि सहा जणी गोल करून बसल्या. पांढरा डावीकडे, पिवळा उजवीकडे, दगड मागे. ढेकूळ हातात यायचं, फिरायचं, जायचं. मी घड्याळ लावून पाहिलं. एका ढेकळाला तीन श्वासांपेक्षा जास्त वेळ नाही. शंका आली की हातोडीचा एक टोला.

मीही स्टूल घेऊन बसले. माझ्या शेजारी त्सिला नावाची, दात नसलेली, जीभ मात्र शाबूत असलेली बाई होती.

"ए गोरोल, हा कुठे टाकतेस?"

"डावीकडे. पांढरं दिसतंय की."

"ते पांढरं तुझ्या डब्यातल्या पावाचं पीठ आहे. नीट बघ."

"काय गं ओतिलिया," दुसरी म्हणाली, "हिला तुम्ही शिकलेली म्हणता?"

"शिकलीय ती," मावशी मान वर न करता म्हणाली. "तिला आत काय आहे ते कळतं. बाहेरून कळायला वेळ लागतो, एवढंच."

"आणि ह्याचं तेल करणार म्हणे?"

"करते खरी. मी धुते ना ती भांडी."

"मग खायचं का करत नाही? दुकानात तेच मिळत नाही."

नऊ वाजता बोर्केविच साहेब आले. ते मधोमध उभे राहिले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हे काय चाललंय?" मी उठून काहीतरी सांगणार, तोच त्सिला म्हणाली, "साहेब, जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय." साहेब बाजूला झाले. थोडा वेळ बघत राहिले. मग आत गेले, आणि अर्ध्या तासाने त्यांच्या शिपायाने चहाची किटली आणून ठेवली.

दुपारी चरबी लावलेला पाव आणि खारवलेली काकडी निघाली. मला विचारायच्या आधीच माझ्या गुडघ्यावर एक तुकडा ठेवला गेला. माझी बोटं सोलली होती, नखांत काळं भरलं होतं, आणि हे सांगताना आता हसू येतं, पण मी फार सुखात होते. या बायका माझं काहीही देणं लागत नव्हत्या. त्यांना माझ्या डॉक्टरेटशी देणंघेणं नव्हतं. त्यांच्या मैत्रिणीची पेन्शन अडकली होती, म्हणून त्या आल्या होत्या, आणि मी तिथे होते म्हणून मलाही पाव मिळाला.

गुरुवारी पाच वाजता शेवटचं ढेकूळ डावीकडे पडलं. तीन बादल्या बारीक चुरा उरला. त्यातलं पांढरं-पिवळं कोणालाच सांगता येत नव्हतं. बायकांनी अंगण झाडलं, धुतलं, स्टुलं उचलली आणि गेल्या. मी धन्यवाद म्हणाले तेव्हा त्सिला म्हणाली, "पुढच्या वेळी पाटी लाव." मी चटकन तिच्या तोंडाकडे पाहिलं. पण ती आपली सहज बोलली होती.

शुक्रवारी सकाळी मी दोन्ही ढिगांतून बारा-बारा ठिकाणचे नमुने घेऊन तपासले. आकडे सरळ रेषेत. उलट दगड वेचला गेल्यामुळे दोन्ही कोळसे खाणीतून आले तेव्हापेक्षा शुद्ध झाले होते. चाचणी होणार होती. अहवालाचा कागद मात्र अजून फायलीत होता, आणि साहेबांना तो दुपारी हवाच होता. नमुना वाचला तरी चौकशी लागली होती. कोळसा उगाळावा तितका काळा, कोणाचं तरी नाव वर पाठवल्याशिवाय ती बंद होणार नव्हती.

मी धुलाईखोलीत गेले. मावशी चिंधीला तेल लावत होती.

"मावशी, मला तुम्हाला एक सांगायचंय. सोमवारी मी अहवाल लिहिलाय. त्यात तुमचं नाव आहे."

"ठाऊक आहे. मंगळवारी वाचला. तुमचं टेबल मीच पुसते ना."

"वाचून मग दहा वाजता मला तळघरात बोलावलंत?"

"आधी नव्हते बोलवणार. म्हटलं, बसू दे बोंबलत. तुम्ही यायच्या आधी टेबल पुसून घरी गेले परत, एमिलला सांगितलं. तो म्हणाला, मिसळलंस तू, वेगळंही तूच कर. तिने लिहिलंय ते खोटं आहे का? मी म्हटलं, खोटं नाही. कमी आहे, पण खोटं नाही."

"कमी म्हणजे?"

तिने फ्लास्क उजेडात धरून पाहिला आणि पुन्हा पुसायला घेतला. "त्या दोन पाट्या तुमच्या कपाटात आहेत, इंजिनीअरबाई. रंगवलेल्या. कपाटही मीच पुसते."

"मग साहेबांना सांगितलं का नाहीत? सगळा आठवडा गेला. तुमची नोकरी..."

"मी कशी सांगू? ते तुमचं सांगायचं होतं."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता. असता तर मी भांडले असते. भांडायला मला यायचं. मी तिथे पालथ्या बादलीवर बसले आणि रडले, आणि तिने मला रडू दिलं, फक्त शेजारची तेलाची चिंधी मी डोळे पुसायला उचलली होती, ती माझ्या हातातून काढून घेतली.

वर जाऊन मी सहा ओळी फाडल्या आणि चार नव्या लिहिल्या. पाट्या लावल्या नाहीत, नमुना झाकला नाही, जबाबदारी माझी. कागद साहेबांच्या हातात दिला. त्यांनी वाचला, चष्मा काढला, म्हणाले, "याने तुमचा एसेनचा परदेशदौरा जाईल, कळतंय ना?" दौरा गेला. ठपका आला. मावशीने चौदा महिने भांडी धुतली आणि पूर्ण पेन्शन घेऊन घरी गेली. मला डॉक्टरेट मिळाली, आणि प्रबंधात नमुना कसा तयार केला त्या पानावर 'हाताने वेचला: ओतिलिया गायदा आणि सहकारी' असं छापून आलं. परीक्षकाने ते काढायला सांगितलं होतं. मी काढलं नाही.

पण ते सगळं नंतर. सोमवारी, चाचणीच्या सकाळी, मी लवकर आले. टेबल पुसलेलं होतं. फाइल सरळ करून ठेवली होती, नव्या अहवालाची प्रत सगळ्यात वर, आणि तिच्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेला कोवोच नावाच्या केकचा मोठा तुकडा, वर खसखस, त्यावर लोण्यातला चुरा. पुढच्या शनिवारी मावशीच्या नातीचं लग्न होतं, हे मला तेव्हा कळलं. लग्नाआधी हा केक इथे घरोघर पाठवतात, पण फक्त आपल्या माणसांना. अकरा वर्षांत शेजारपाजारच्या कितीतरी लग्नांचा कोवोच माझ्या दारावरून पुढे गेला होता.

खाली पंप सुरू झाले होते, मला हाका मारत होते. मी दार आतून लावून घेतलं आणि उभ्यानेच तो तुकडा सगळा खाल्ला.